चौथ्या बेलाचा तक्ता: पदव्यांची पट्टी उत्तम, लेकींच्या शाखा मध्येच तुटलेल्या

साताऱ्यात वंशावळी छापून देणाऱ्या एका दुकानाने शाळा, वाचनालयं आणि इतिहास मंडळांसाठी जगातल्या राजघराण्यांचे भिंतीवरचे तक्ते काढले आहेत. त्यातला ‘हंगेरीचा राजा चौथा बेला: पदव्या व वंशवृक्ष’ हा तक्ता आम्ही घरातल्या घरात ओळ न् ओळ तपासला. आकार ४ फूट बाय ३ फूट. वर आडवी पदव्यांची पट्टी, डावीकडे पूर्वजांची उभी शिडी, उजवीकडे बायको-मुलं. फ्लेक्सची गुंडाळी आणि सनबोर्डवर चिकटवलेला व्हिनाईल अशा दोन प्रकारांत मिळतो.

घ्यावा का? घ्यावा, पण खाली दिलेल्या दुरुस्त्या केल्याशिवाय भिंतीला लावू नये. पदव्यांची पट्टी मराठीत इतकी नीट कुठे बघायला मिळत नाही. वंशवृक्षात मात्र चार ठिकाणी चुका आहेत आणि त्यातली एक फार महागात पडणारी आहे.

आधी पट्टी. बेलाने १२३५ ते १२७० राज्य केलं. त्याच्या सनदांवर हंगेरी, दाल्मेशिया, क्रोएशिया, रामा, सर्बिया, गॅलिशिया, लोदोमेरिया आणि कुमानिया अशा आठ मुलखांचा राजा म्हणून बिरुद येतं. तक्त्यात या आठ नावांचे आठ रंगीत चौकोन आहेत आणि प्रत्येकाखाली ती पदवी घराण्यात कोणी आणली ते लिहिलं आहे. क्रोएशिया आणि दाल्मेशिया राजा काल्मानच्या ११०२ च्या राज्याभिषेकापासून, रामा दुसऱ्या बेलापासून, सर्बिया इम्रेने १२०२ मध्ये, गॅलिशिया-लोदोमेरिया ही जोडी दुसऱ्या आंद्राशपासून कायमची, आणि कुमानिया १२३३ च्या सुमारास. हे सगळं बरोबर आहे. ‘रामा’ वाचून मराठी माणूस क्षणभर थबकणारच. बोस्नियातल्या रामा नदीवरून आलेलं हे नाव आहे आणि पदवीत ते बोस्नियासाठी वापरलेलं आहे. तक्त्यात बारीक अक्षरात ही टीप दिली आहे, ती मोठी करायला हवी. गॅलिशियाखालीही तशीच टीप हवी होती. स्पेनमध्ये याच नावाचा प्रांत आहे. हा गॅलिशिया म्हणजे हालिच शहराभोवतीचा, आजच्या पश्चिम युक्रेनमधला मुलूख. लोदोमेरिया म्हणजे त्याच्या शेजारचं व्होलोदिमिर.

पट्टीची खरी करामत रंगात आहे. गॅलिशियाचा हिरवा रंग खाली बेलाची मुलगी कोन्स्तान्सिया हिच्या चौकटीलाही दिला आहे. कारण असं: बेलाने गॅलिशिया मिळवण्यासाठी आपला जावई रोस्तिस्लाव्ह याला बळ दिलं, पण १२४५ मध्ये यारोस्लाव गावाजवळच्या लढाईत तो हरला आणि मुलूख तिथला राजा दानिलो याच्याकडे राहिला. मग बेलाने सोयरीक केली. कोन्स्तान्सिया दानिलोचा मुलगा लेव्ह याच्या घरी गेली. मुलूख हाती नाही, पदवी मात्र सनदेवर तशीच. साताऱ्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथली गादी १८४८ मध्ये खालसा झाली, तरी औंधचे राजे पुढची शंभर वर्षं ‘पंतप्रतिनिधी’च म्हणवले गेले. अशी बिरुदं निरुपयोगीही नसतात. १७७२ मध्ये पोलंडची वाटणी झाली तेव्हा मारिया तेरेसाने हंगेरीच्या राजांच्या याच जुन्या पदवीचा आधार घेऊन गॅलिशिया-लोदोमेरिया ताब्यात घेतलं. तक्त्यात हे एका ओळीत असतं तर पट्टीला पूर्णत्व आलं असतं.

कुमानियाचा जांभळा रंगही असाच खाली उतरतो. मंगोलांपुढून पळालेल्या कुमान या भटक्या लोकांना बेलाने १२३९ मध्ये आसरा दिला. १२४१ मध्ये पेश्तमध्ये त्यांच्या प्रमुखाला, कोतेनला, जमावाने मारलं. कुमान चिडून निघून गेले आणि त्याच वर्षी ११ एप्रिलला मोहीच्या लढाईत हंगेरीची फौज धुळीला मिळाली. नंतर बेलाने कुमानांना परत बोलावलं आणि थोरला मुलगा इश्तवान याचं लग्न कुमान सरदाराच्या मुलीशी, एर्झेबेतशी, लावलं. सुनेच्या चौकटीचा जांभळा रंग बघितला की पदवी आणि सोयरीक एकत्र वाचता येतात. एक चुकलंय: रोस्तिस्लावची चौकट पांढरीच राहिली आहे. ती हिरवी हवी.

पट्टीत आणखी एक शब्द बदलावा. ‘युवराज’. बेलाला १२१४ मध्ये, वडील जिवंत असताना, मुकुट घातला गेला. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याचा मुलगा इश्तवानही तसाच. आपल्याकडे युवराज म्हणजे राज्याभिषेक न झालेला वारस. हंगेरीत हा ‘कनिष्ठ राजा’ असे, मुकुटासकट. १२६२ मध्ये इश्तवानने राज्याचा पूर्व भाग स्वतःकडे घेतला आणि १२६५ मध्ये इशासेग गावापाशी बापाच्या फौजेला हरवलं. युवराज म्हटलं की हे बंड वाटतं. कनिष्ठ राजा म्हटलं की दोन मुकुटधाऱ्यांचं भांडण कळतं. याच गोंधळामुळे तक्त्यात एका ठिकाणी बेलाची कारकीर्द ‘१२१४–१२७०’ छापली गेली आहे. ती १२३५ पासून धरावी.

आता शिडी. घराण्याचा मूळ पुरुष आर्पाद याच्यापासून चौथ्या बेलापर्यंत १३ पिढ्या: आर्पाद, झोल्तान, ताक्शोन्य, मिहाय, वाझुल, पहिला बेला, पहिला गेझा, आल्मोश, दुसरा बेला, दुसरा गेझा, तिसरा बेला, दुसरा आंद्राश, चौथा बेला. यातले सातच हंगेरीचे राजे झाले. तक्त्यात पाचव्या जागी वाझुलऐवजी संत इश्तवान छापला आहे. ही चूक बहुतेक ठिकाणी होते आणि कारणही सरळ आहे: इश्तवान हा पहिला राजा, म्हणून तोच मूळ पुरुष असणार असं गृहीत धरलं जातं. पण इश्तवानचा मुलगा इम्रे (सर्बियाची पदवी आणणारा इम्रे वेगळा) १०३१ मध्ये वारला आणि ती शाखा तिथेच खुंटली. इश्तवानचा बाप गेझा आणि वाझुलचा बाप मिहाय हे सख्खे भाऊ. म्हणजे पुढचे आर्पाद राजे इश्तवानच्या चुलतभावाचे वंशज, आणि त्या चुलतभावाचे डोळे इश्तवानच्याच काळात काढले गेले होते. आल्मोश आणि त्याचा लहानगा मुलगा, पुढे दुसरा बेला, यांचेही डोळे काल्मानच्या हुकमाने काढले. एकाच सरळ रेषेत तीन आंधळे पूर्वज. शिडीत हे दिसलंच पाहिजे. दुरुस्तीला पाचव्या चौकटीवर ‘वाझुल’ लिहिलेलं स्टिकर पुरतं, पण बाजूला इश्तवान आणि इम्रेची छोटी फांदीही काढावी लागते, नाहीतर पहिला राजा तक्त्यातूनच गायब होतो.

नावांत एक गंमतशीर पण खरी अडचण. दुकानाच्या साच्यात पुरुषाला चौकोन आणि स्त्रीला गोल आहे. ‘बेला’ आणि ‘गेझा’ ही नावं आपल्या कानाला बायकी वाटतात, त्यामुळे तिसरा बेला चक्क गोलात बसला आहे, आणि त्याची बायको अंतिओकची अॅग्नेस शेजारी दुसऱ्या गोलात. हंगेरियनमध्ये ही दोन्ही पुरुषांची नावं आहेत. उच्चारांची बाजूही सांभाळायला हवी. हंगेरियन लिपीत नुसत्या ‘एस’चा उच्चार श आणि ‘एस-झेड’ या जोडीचा स. म्हणून इश्तवान, आंद्राश. आणि राज्याभिषेकाचं गाव सेकेशफेहेरवार. तक्त्यात एकीकडे ‘आंद्रास’ आणि दुसरीकडे ‘अँड्र्यू’ आहे. विद्यार्थी ते दोन वेगळे राजे समजतील. क्रमांकाबाबत मात्र मराठी आणि हंगेरियन यांचं सूत जमतं. दोन्हीकडे आकडा आधी: आपला दुसरा बाजीराव, त्यांचा चौथा बेला. ‘बेला चौथा’ ही इंग्रजी धाटणी आहे, ती काढावी.

मुलांच्या भागात दहा नावं आहेत आणि दहाही बरोबर. बायको मारिया, निकियाचा सम्राट थिओडोर लास्कारिस याची मुलगी. मुलगे दोन, इश्तवान आणि बेला. मुली आठ: कुनिगुंदा म्हणजे किंगा, मार्गित, आन्ना, कातालिन, एर्झेबेत, कोन्स्तान्सिया, योलान आणि पुन्हा मार्गित. दोन मार्गित ही छपाईची चूक नाही. थोरली तरुणपणीच गेली. धाकटी १२४२ मध्ये क्लिसच्या किल्ल्यात, मंगोलांच्या स्वारीच्या धामधुमीत जन्मली, जोगीण झाली आणि १९४३ मध्ये संत ठरली. बुडापेस्टमधलं मार्गित बेट तिच्याच नावाचं. चूक आहे ती जावयांत. किंगाचा नवरा बोलेस्लाव आणि योलानचा नवरा बोलेस्लाव यांना एकच चौकट देऊन दोन्हीकडून रेघा ओढल्या आहेत. किंगाचा नवरा क्राकोवचा ‘ब्रह्मचारी’ बोलेस्लाव, योलानचा नवरा कालिशचा ‘धर्मशील’ बोलेस्लाव. दोन माणसं, दोन चौकटी.

आता ती महागाची चूक. दुकानाचा साचा आपल्याकडच्या वंशावळीचा आहे. जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ करताना वडिलांकडची साखळी लागते. लेकीचं नाव आलं, जावयाचं आलं, की रेघ थांबते. इथेही तशीच थांबली आहे. १४ जानेवारी १३०१ ला आर्पाद घराण्यातला शेवटचा राजा तिसरा आंद्राश वारल्यावर ‘पुरुष वंश संपला’ असं लिहून तक्ता संपतो. खालची आठ इंच जागा वेलबुट्टीला दिली आहे. पण आर्पादांचा पुरुष वंश संपल्यावर मुकुटासाठी जे तिघे भांडले, ते तिघेही चौथ्या बेलाचेच वंशज होते, लेकी-नातींच्या बाजूने. त्या मोकळ्या जागेत मार्करने या तीन रेघा ओढाव्यात.

पहिली: बेला, त्याची मुलगी आन्ना, तिची मुलगी कुनिगुंदा (नवरा बोहेमियाचा दुसरा ओटोकार), तिचा मुलगा दुसरा व्हेन्सेस्लास, त्याचा मुलगा तिसरा व्हेन्सेस्लास. याने १३०१ ते १३०५ लास्लो नावाने राज्य केलं. दुसरी: बेला, त्याची मुलगी एर्झेबेत (नवरा बव्हेरियाचा तेरावा हेन्री), तिचा मुलगा ओटो. हा १३०५ मध्ये गादीवर आला तो आजोबांचं नाव घेऊनच, पाचवा बेला म्हणून. तिसरी: बेला, मुलगा पाचवा इश्तवान, त्याची मुलगी मारिया (नवरा नेपल्सचा दुसरा चार्ल्स), तिचा मुलगा चार्ल्स मार्तेल, त्याचा मुलगा कारोय रोबर्त. हाच शेवटी टिकला. १३१० मध्ये त्याला पवित्र मुकुट घालून विधिवत अभिषेक झाला. या तीन रेघांशिवाय चौथ्या बेलाचा वंशवृक्ष म्हणजे बुंधा ठेवून फळाच्या फांद्या छाटल्यासारखं आहे. पुढच्या आवृत्तीत वेलबुट्टी काढून इथे मुलींच्या शाखा द्याव्यात, ही दुकानाला कळकळीची विनंती.

छपाईबद्दल. पदव्यांची अक्षरं इंचभर उंच, लांबून स्वच्छ दिसतात. टिपा मात्र १८ पॉइंटच्या आहेत, म्हणजे जेमतेम पाव इंच, आणि देवनागरीत त्यातही मात्रा-उकारांची जागा जाते. मागच्या बाकावरून त्या वाचता येत नाहीत. ३६ पॉइंट हव्यात. युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये घेताना काही ठिकाणी जोडाक्षरं फुटली आहेत: ‘दुसऱ्या’मधला अर्धा र सुटा झालाय आणि ‘अॅग्नेस’वरचा चंद्र उडालाय. प्रूफ बघताना ऱ्य, ऱ्ह, अॅ, ऑ आणि ऱ्हस्व वेलांटी एवढं शोधून बघितलं तरी बहुतेक फूट सापडते. प्रूफ मोबाइलवर बघू नये. निदान ए-थ्री कागदावर काढून मागावं.

फ्लेक्सपेक्षा सनबोर्ड घ्यावा. फ्लेक्स गुंडाळीतून काढल्यावर कडा वर वळतात आणि नेमकी पदव्यांची पट्टी दुमडते. सनबोर्ड ३ मिमीचा आला तर चार फुटांच्या लांबीत मध्ये वाकतो, म्हणून ५ मिमी सांगावा. त्याला ओल लागत नाही, पण साताऱ्याच्या पावसाळ्यात चुन्याच्या भिंतीवरची दुहेरी चिकटपट्टी महिनाभरातच सुटते. चार कोपऱ्यांना भोकं पाडून स्क्रूनेच बसवावा. लॅमिनेशन मॅट. ग्लॉसीवर ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि हिरवा-जांभळा हा फरकच दिसेनासा होतो. मागणी नोंदवताना ‘सनबोर्ड ५ मिमी, मॅट, वाझुल दुरुस्त, दोन बोलेस्लाव वेगळे’ असं पावतीवरच लिहून घ्यावं, कारण जुनी फाइल दुकानात तशीच ठेवलेली आहे आणि घाईच्या दिवसांत तीच छापली जाते.