सात मिलिमीटरचा चेहरा आणि आमची आजी

नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर बिल्डरला दिलं, तेव्हा पाडायच्या आधी त्याचं चित्र करून घ्यायचं ठरवलं. आणि चित्रात माणसं हवीच होती. नुसत्या भिंती घेऊन काय करू?

पहिल्यांदा फसले. ऑनलाइन सापडलेल्या एकाने घर सुरेख रंगवलं, पण माणसं फोटोंतून उचलून तशीच चिकटवली. बाबांचं डोकं दाराच्या चौकटीला भिडलेलं. आमचं दार साडेपाच फुटी, बाबा जन्मभर वाकूनच आत आले! घराची सावली डावीकडे, आजीची उजवीकडे. ते पैसे गेले.

मग धरमपेठेतल्या एका चित्रकारांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "माणसं किती?" जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद. माणसांची जागा आधीच राखून ठेवावी लागते, मागाहून घातली की थापल्यासारखी दिसतात. मी नेलेले पासपोर्ट फोटो त्यांनी बाजूला सारले.

"ताई, ए-थ्री कागदावर अख्खं घर घेतलं तर माणूस पाच सेंटीमीटरचा होते, चेहरा सात मिलिमीटरचा. त्यात नाकडोळे कुठं काढू? बसत कशा होत्या, ते सांगा."

तासभर सांगत बसले. आजी ओट्यावर, एक पाय मुडपलेला, दुसरा खाली सोडलेला, मांडीवर सूप. बाबा लुनाला टेकून, हाताची घडी. ते पेन्सिलीने एकेक आजी काढत गेले. चौथी आजी मान जराशी डावीकडे कलती करून बसली होती. ती पाहिली आणि मला बोलताच येईना. नाक नाही, डोळे नाहीत, आणि तरी आजीच.

आजी २००९ मध्ये गेली, भाची २०१४ ची. दोघींना शेजारी बसवायचं होतं. त्यासाठी त्यांनी भाचीचा फोटो मुद्दाम सकाळी नऊच्या उन्हात, डावीकडून उजेड येईल असा काढायला लावला. घराच्या फोटोतलं ऊन तसंच होतं.

साडेसहा हजार आणि माणशी चारशे रुपये. महिन्याचं सांगून सात आठवडे लावले, मधे फोन मलाच करावे लागले. छपराचे कवेलू (कौलं) फार लाल झालेत, आमचे शेवाळाने काळे पडले होते. हे मी कच्च्या चित्राच्या वेळीच बोलायला हवं होतं. पण पैसे वसूल झाले, हे मनापासून सांगते.

लावताना एक सांभाळा : कूलरच्या खोलीत नको, कागद ओल धरतो. थेट उन्हात नको, रंग उडतात. आमचं जिन्याजवळ आहे. काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा चष्मा पुसून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, सासूबाई तांदूळच निवडून राहिल्या न!"