काळ्या रानात कुठली कॉइल लावावी, कॉन्सेंट्रिक का डीडी?

मेटल डिटेक्टरचं (जमिनीतला धातू शोधायचं) मशीन घेऊन झालंय, आता जादाची कॉइल (खाली जमिनीवरनं फिरवायची चकती) कुठली घ्यावी असं दोघा-तिघांनी विचारलं म्हणून लिहायलोय. माझ्याकडं दोन्ही हायत. नऊ इंची कॉन्सेंट्रिक (एकात एक गोल वेटोळी) मशीनसोबतच आली होती, अकरा इंची डीडी (इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी, मधे एकमेकांवर आलेली) नंतर पदरचे पैसे घालून घेतली. आपलं काम म्हणजे खुरपताना पडलेलं जोडवं नाहीतर रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं शोधायचं, गुप्तधन-बिप्तधन नाही (तसलं डोक्यात असंल तर 1878 चा निखात निधी कायदा बघा, जमिनीत दडलेलं 10 रुपयांच्या वरचं काही घावलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं, अन गावच्या जुन्या पांढरीत तर मशीन नेऊच नका).

कॉन्सेंट्रिक वाईट नाही. वस्तू बरोबर मधोमध दाखवती, एक खड्डा अन काम खलास. लोखंड बी चांगलं ओळखती. मऊ रेताड जमीन असंल तर मी हीच लावा म्हणंन.

पण आपलं रान काळं, बेसाल्टची माती, तिच्यात मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं खनिज, त्याला बी मशीन आवाज देतं. त्यात उन्हाळ्यात भेगा पडल्या की ही कॉइल दर भेगेवर किरकिरती, ढेकळावर किरकिरती, जरा वर-खाली झाली की किरकिरती, ग्राउंड बॅलन्स (मशीन त्या मातीला जुळवून घेणं) दहादा केला तरी तेच. मग माणूस वैतागून सेन्सिटिव्हिटी (मशीनचा तिखटपणा) कमी करतो, मशीन गप होतं, अन आपल्याला वाटतं जमलं. माझं तसंच झालं. चुलतीचं जोडवं तुरीच्या रानात पडलं होतं, दोन दिवस सकाळ-सकाळ फिरलो, मशीन एकदम गप. तिसऱ्या दिवशी डीडी लावली, सेन्सिटिव्हिटी परत वाढवली, तर ज्या तासातून (ओळीतून) मी दोनदा गेलतो त्याच तासात चार बोटं खाली निघालं. चुलती काही बोलली नाही पण तिची नजर अजून आठवती.

ह्याचं कारण एवढंच की कॉन्सेंट्रिकखाली मातीचा टोपलीएवढा गोळा येतो, डीडीखाली मधल्या रेषेची बारीक पट्टी, म्हणून माती कमी बोलती. नशिबाचा भाग बी असंल, मी काही पट्टी लावून खोली मोजलेली नाही.

डीडीच्या बी खोड्या हायत. बाटलीचं झाकण, चपटा पत्रा ह्यांना ती चांगला माल म्हणून आवाज देती. जागा नेमकी धरायला आडवं-उभं दोन्हीकडून फिरवावं लागतं, सुरुवातीला मी उगीच मोठमोठे खड्डे घेतले. अन अकरा इंची कॉइल तुरीच्या धसकटात अडकती, आदळली की खोटा आवाज. त्यामुळं धसकटं उभी असतील तर लहान डीडी घेतलेली बरी. घेताना तुमच्याच मॉडेलला चालणारी हाय का तेवढं विचारा, पीन बसली म्हणून कॉइल चालतीच असं नाही.

ज्याची त्याची जमीन. कॉन्सेंट्रिक मी विकली नाही, पण त्या दिवसापासून ती गोठ्यात खुंटीला लटकायलीय.