पर्वती की सिंहगड?

पुण्यात नवीन आहात आणि सकाळ मोकळी आहे, तर आधी पर्वती. १०३ पायऱ्या, त्याही रुंद; वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर आणि खाली पसरलेलं शहर. आपलं घर कुठल्या बाजूला, हे तिथून एकदा कळलं की रिक्षावाल्याशी बोलायला जरा बळ येतं.

सिंहगडाला मात्र अर्धा दिवस द्यावा लागतो. स्वारगेटहून बसने पायथा, मग आतकरवाडीच्या वाटेने घाम गाळत वर. गाडीरस्ताही आहे, पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथे गड कमी आणि पुढच्या गाडीची नंबरप्लेट जास्त दिसते. वर तानाजी मालुसऱ्यांची समाधी, पिठलं-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं घट्ट दही. दही दोन मागवा. गुडघे कुरकुरत असतील तर पर्वतीच. बाकीच्यांनी मधल्या वारी गड गाठावा.