रविवारचे बूट : भाट्याच्या वाळूत नऊ महिने

दिवाळीच्या सेलमध्ये साडेतीन हजारांना घेतलेले रनिंग शूज. आता श्रावण लागला, म्हणजे नऊ महिने झाले. मोबाइलमधल्या नोंदीनुसार 320 किलोमीटर. मॅरेथॉनवाले एवढं महिन्याभरात उरकतात, पण मी पडलो शनिवार-रविवारचा गडी. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर पाच-सहा किलोमीटर, किलोमीटरला आठ मिनिटं, बोलता बोलता धाप लागू नये इतपतच. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकांनी विचारलं होतं, "कोण पाठी लागलाय काय रे?" नंतर तेच कुंपणाच्या गडग्यावरून हाक मारू लागले, "येताना मिरकरवाड्यात बांगडे बघ वायच." सध्या 1 जूनपासूनची मासेमारीबंदी आणि पाठोपाठ श्रावण, त्यामुळे ती ऑर्डर थांबली आहे.

मापाचं आधी सांगतो. नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या. धावताना पाय फुगतो आणि अंगठ्याचं नख पुढे आपटतं. आधीच्या कॅनव्हासच्या बुटांत माझं एक नख काळं पडलं होतं, यात नाही.

तळव्याखालची गादी उत्तम. भाट्याच्या पुलावरून रत्नागिरीकडे जाताना सिमेंटचा दणका पूर्वी गुडघ्यात जायचा, तो गेला. वाळूत मात्र हीच गादी नकोशी होते. सुरूच्या बनालगतच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, वर बूटही दबतो, आणि पोटऱ्या ओरडायला लागतात. पळायचं ते ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर.

आणि ती वाळू कधी मिळणार हे कालनिर्णय सांगतं. आमच्याकडचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे सकाळी किनाऱ्यावर पळायला जागाच नाही, त्या रविवारी मी रस्ता धरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती बाराच्या सुमारास, म्हणून सकाळी सहाला ओहोटी. त्यात उधाणाचे दिवस, पाणी लांब आत गेलेलं, पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, टेबलासारखी. असा रविवार महिन्यातून एखाद-दोनदाच येतो आणि त्यासाठी मी शनिवारची लग्नं टाळली आहेत. एक लक्षात ठेवा, पुळणीला समुद्राकडे उतार असतो. झरी विनायकाच्या देवळाच्या बाजूने निघून एकाच दिशेने पळत राहिलात तर एका घोट्यावर भार येतो. गेलात तसेच परत या, हिशोब फिटतो.

आता तक्रारी. वरची जाळी हवा खेळती ठेवते, हे खोक्यावर लिहिलेलं खरं आहे. वाळूही तितकीच खेळती ठेवते. दर रविवारी आतला सोल काढून झटकावा लागतो. खारं पाणी लागलं की घरी आल्यावर गोड्या पाण्यात खंगाळायचे, नाहीतर वाळल्यावर जाळी कडक होते. उन्हात वाळवू नका. मी मार्चमध्ये दोन वेळा कौलांवर ठेवले आणि डाव्या बुटाचा पुढचा सोल सुटला. चांभाराने 80 रुपयांत दोऱ्याने शिवून दिला. शिवण अजून टिकली आहे, कंपनीचा गोंद टिकला नव्हता.

पावसाळ्यात तर परीक्षाच. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून फ्रीजच्या मागे ठेवले तरी दोन दिवस ओले. शनिवारी भिजले की रविवार गेला. कुबट वास येतो तो वेगळाच. बायकोने बुटांना पडवीच्या बाहेरची जागा नेमून दिली आहे. पण खरा राग पकडीचा. कोरड्या डांबरावर आणि ओल्या वाळूवर झकास, शेवाळलेल्या चिऱ्यावर शून्य. जूनच्या अखेरीस भगवतीच्या किल्ल्यावर जांभ्याच्या पायरीवरून घसरलो, कोपर सोललं. एक मावशी छत्री सावरत वरून म्हणाली, "पावसात किल्ल्यार धावतास कशाला मेल्या, चालाचं." बरोबर होतं तिचं.

300 किलोमीटरनंतर उजव्या टाचेची बाहेरची कड चपटी झाली आहे, तशीच माझी चालही आहे म्हणा. नाव सांगत नाही, या किमतीतले बहुतेक असेच निघतात. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा चांभाराचा आहे. नवे घेईन ते दसऱ्याला, पाऊस ओसरल्यावर. सध्या समुद्र सुरूच्या मुळापर्यंत आला आहे, त्यामुळे रविवारी पुलापर्यंत जाऊन चहा पिऊन येतो.