फ्रीबीएसडीच्या सेटिंग्जचं डॉक्युमेंटेशन: कल्पना एक नंबर, लिखाण अर्धवट

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टममध्ये कर्नलची, म्हणजे तिच्या गाभ्याची, सेटिंग चालू मशीनवर बघायची-बदलायची तर सिस्‌सीटीएल ही एकच कमांड, आणि तिला डॅश डी लावलं की त्या सेटिंगचं वर्णन तिथल्या तिथे टर्मिनलवर येतं, नेटवर शोधाशोध नाही. हे मला जाम आवडतं. वर्णन सोर्स कोडमध्ये सेटिंगच्या शेजारीच लिहिलेलं असतं, त्यामुळे आपल्या मशीनवर जे कर्नल चालू आहे त्याचंच वर्णन दिसतं, कुठल्यातरी जुन्या आवृत्तीचं नाही. लिनक्समध्ये प्रॉक नावाच्या फोल्डरच्या आत नुसती फाइल आणि फाइलीत आकडा, अर्थ हवा तर वेगळं डॉक्युमेंट उघडा.

पण सोय भारी असली तरी त्यात भरलेला मजकूर बघितला की चिडचिड होते. टीसीपीची, म्हणजे नेटवर्क कनेक्शन सांभाळणाऱ्या प्रोटोकॉलची, कीपआयडल सेटिंग घ्या. मी वापरतो त्या आवृत्तीत वर्णन एवढंच, की कीपअलाइव्ह प्रोब सुरू होण्याआधीचा वेळ. प्रोब म्हणजे समोरचा अजून जोडलेला आहे का हे बघायला पाठवलेला छोटा संदेश. अरे पण वेळ कशात? सेकंदात की मिलिसेकंदात? डिफॉल्ट आहे 7200000, म्हणजे मिलिसेकंद, म्हणजे दोन तास. लिनक्सवर हेच दोन तास 7200 असे सेकंदात लिहितात. आता लिनक्सवरून आलेल्या माणसाने सवयीने इथे 7200 टाकलं तर झाले सात सेकंद, आणि प्रत्येक निवांत कनेक्शनवर सात-सात सेकंदांनी प्रोब सुटायला लागणार, आणि एरर तर कुठेच येणार नाही. टीसीपीच्या मॅन पेजमध्ये, म्हणजे सिस्टमसोबतच येणाऱ्या मदतीच्या पानात, मिलिसेकंद असं स्पष्ट लिहिलंय, पण डॅश डी मारून उत्तर मिळाल्यावर मॅन पेज उघडायला कोण जातंय?

सिक्युअरलेव्हलचं तर अजून वाईट. वर्णन काय, तर सध्याची सुरक्षा पातळी. बस्स. ती उणे 1 ते 3 असते, चालू सिस्टमवर फक्त वाढवता येते, कमी करता येत नाही, आणि 1 केली की कर्नल मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचे सुटे भाग, लोड-अनलोड होणं बंद, यातलं अक्षर नाही. हे सगळं सिक्युरिटीच्या मॅन पेजमध्ये आहे आणि तिथे खरंच छान लिहिलंय, मग वर्णनात त्या पानाचं नाव टाकायला काय हरकत होती? व्हीएमच्या, म्हणजे व्हर्च्युअल मेमरीच्या, ओव्हरकमिट सेटिंगला हेच केलंय, तपशिलासाठी ट्यूनिंगचं मॅन पेज बघा असं थेट वर्णनातच लिहिलंय. लहानशी गोष्ट, पण वाचणारा योग्य जागी पोचतो. मला हाच नमुना सगळीकडे हवाय.

आणि सेटिंग लागू कधी होते हा वेगळाच घोळ. मॅक्सफाइल्स, म्हणजे उघड्या फाइलींची मर्यादा, चालू मशीनवर बदलता येतं, मॅक्सप्रॉक, म्हणजे प्रोसेसची मर्यादा, बदलता येत नाही, ते लोडरच्या, म्हणजे बूट होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामच्या, कॉन्फिग फाइलीत टाकून रीबूटच करावं लागतं, आणि दोघांची वर्णनं वाचून हा फरक कळत नाही. कर्नलला माहीत असतं, डॅश टी कॅपिटल लावलं की बूटच्या वेळी ठरवता येणाऱ्यांची यादी मिळते, डॅश डब्ल्यू कॅपिटलने बदलता येणाऱ्यांची, पण हे दोन ऑप्शन किती जणांना माहिती असतात?

काही सेटिंग्जना तर वर्णनच नाही, नाव आणि पुढे कोरी जागा. मग सी कोड उघडून बघायचं. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा ठेवणं मला अजिबात पटत नाही.

बरं, दुरुस्ती अवघड नाहीये. कोडमधली एक ओळ बदलायची, लॉजिकला हातही लागत नाही. एकक, चालणारी रेंज, रीबूट लागतो की नाही आणि मॅन पेजचं नाव, एवढं आलं तरी पुष्कळ. सी फार येत नसेल तरी असा पॅच पाठवता येतो, फक्त आकड्याचा अर्थ कोडमध्ये नीट तपासून घ्या, कारण चुकीचं वर्णन कोऱ्या जागेपेक्षा जास्त घात करतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. सुरुवात टीसीपीच्या टायमरांपासून झाली पाहिजे, तिथे एकक नसल्यामुळे चालू सर्व्हर अडचणीत येतात.