गेटवरची नोंद कशात ठेवायची: वही, ग्रुप की अ‍ॅप?

आमच्या सोसायटीच्या कमिटीत हा विषय निघाला तेव्हा चर्चा फक्त दरमहा फ्लॅटमागे किती पडतील यावर अडकली होती. पण गेटवर माहिती देतात ते बहुतेक जण सभासद नसतातच. पाहुणे, डिलिव्हरीवाली मुलं, घरकामाच्या मावश्या यांना आपल्या सभेत मत नसतं. म्हणून तिन्ही पर्याय मी त्यांच्या बाजूने तपासले.

आधी कायदा थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. माहिती कशासाठी घेतो ते सांगा, लागते तेवढीच घ्या, सांभाळा, काम संपलं की खोडा, असा त्याचा गाभा. सुरक्षिततेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सोसायटीला कुणी एवढा दंड करणार नाही, पण जबाबदारी सोसायटीचीही आहे.

वहीला हा कायदा लागत नाही. कागदावरची माहिती टाइप किंवा स्कॅन केली तरच ती त्याच्या कक्षेत येते. तेवढ्यावरून वही सुरक्षित मानायची का? आमच्या गेटवर दोरीने बांधलेलं बॉलपेन आणि उघडी वही असते. नाव, मोबाइल, फ्लॅट नंबर, वेळ. मागे उभा असलेला माणूस वरच्या वीस ओळी आरामात वाचतो. संध्याकाळी शिकवणी घ्यायला येणाऱ्या एका मुलीला असाच वहीतून नंबर उचलून कुणीतरी मेसेज पाठवले. आता ती शेवटचे दोन आकडे चुकीचे लिहिते, आणि त्यात तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. उपाय मात्र स्वस्त आहे: वहीऐवजी सुट्या चिठ्ठ्या आणि कुलपाची पेटी. ठरलेल्या मुदतीनंतर चिठ्ठ्या फाडून टाकायच्या.

वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाहुण्याचा फोटो टाकून ‘कुणाकडे आलेत?’ विचारणं सोपं वाटतं, पण हा पर्याय मी सरळ बाद करेन. फोटो शंभर फोनमध्ये जातो आणि तिथून परत आणता येत नाही. वॉचमनने इंटरकॉम उचलावा.

अ‍ॅपचं काम नीटनेटकं असतं. मागच्याचा नंबर पुढच्याला दिसत नाही, कोण कधी आलं ते चटकन सापडतं, आणि चार विंग, दोन गेट असतील तर वहीने निभत नाही हे मान्य. पण ‘आता सगळं कंपनी बघेल’ हा समज चुकीचा आहे. कायद्याच्या नजरेत माहिती का आणि कशी घ्यायची हे ठरवणारी सोसायटी जबाबदार. कंपनी तिच्या वतीने काम करते. कंपनीकडून चूक झाली तरी उत्तर सोसायटीला द्यावं लागतं, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी.

मला खरी काळजी मावश्यांची आहे. पाहुण्याची एक नोंद होते, त्यांची रोज होते. फोटो, आधारची प्रत, आत-बाहेरच्या वेळा, कुठल्या घरी किती वाजता. काही ठिकाणी सभासदांनी कामाला दिलेले तारे, म्हणजे रेटिंगसुद्धा. नको म्हटलं तर काम जाईल, मग त्या संमतीला मोकळी संमती कसं म्हणायचं? ओळख पटवायला आधार हवंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत घ्या. तारे बंद करा. मावशीने काम सोडलं की तिची माहिती किती दिवसांत खोडणार, हे कंपनीकडून करारात लिहून घ्या. तेवढं लिहून द्यायला कंपनी तयार नसेल तर दुसरी बघा.

सभासदांची नोंदवही म्हणजे ‘आय’ रजिस्टर आणि सभासदांची ‘जे’ नमुन्यातली यादी यात गोवू नका. ती सहकार कायद्यानेच ठेवावी लागतात, अ‍ॅपशी त्यांचा संबंध नाही.

एक गेट आणि तीस-चाळीस फ्लॅट असतील तर चिठ्ठ्या आणि इंटरकॉम घ्या, पैसे वाचतील. त्याहून मोठं संकुल असेल तर अ‍ॅप घ्या, पण वरच्या अटींसह. आणि ते सुरू करायच्या आधी गेटवर मराठीत पाटी लावा: काय घेतो, कशासाठी घेतो, तक्रार कुणाकडे करायची. सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मिळायची सोय कायद्यातच आहे, त्यात मराठी आहे. अक्षरं मोठी ठेवा, आणि वाचता न येणाऱ्या मावशीला वॉचमनने ती वाचून दाखवावी.