मिलिंग मशीन: जुनं रिकंडिशन करायचं की दुसरं घ्यायचं?

जालन्यात रोलिंग मिलच्या शाफ्टला कीवे (चावीची खाच) मारणारं मशीन आणि वाळूजमध्ये फिक्स्चर (जॉब पकडायचं साधन) बनवणारं मशीन, दोन्ही एचएमटीची एफएन-2 असली तरी दोघांचा निकाल एकच लागेल असं नाही. पहिल्याला तीन-चार शतांश मिलिमीटर इकडे-तिकडे चालतात, दुसऱ्याला एकही जड जातो. म्हणून आधी काम ठरवा, मग डायल (माप दाखवणारं घड्याळ) लावा. रंग आणि मोटरचा आवाज यांवर जाऊ नका.

अर्धा दिवस तपासणीला द्या

टेबल मधोमध आणा आणि जिब (स्लाइडमधली ढिलाई काढणारी पट्टी) अशी आवळा की टेबल तिथे सुरळीत सरकेल. आता दोन्ही टोकांना न्या. टोकाला जड झालं किंवा अडकलं, तर स्लाइड (टेबल ज्यावर सरकतं ती वाट) मधोमध झिजली आहे. रोजचं काम मध्येच होतं, त्यामुळे झीजही तिथेच होते. अशा मशीनवर नुसती जिब आवळून भागत नाही.

लीड स्क्रूचा (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचा) बॅकलॅश, म्हणजे हँडल फिरवूनही टेबल हलत नाही तेवढी ढिलाई, दोन ठिकाणी मोजा. मध्ये आणि टोकाला आकडा सारखाच आला तर नट झिजला आहे, म्हणजे खर्च कमी. मध्ये 0.6 मिमी आणि टोकाला 0.15 मिमी आला तर स्क्रूच गेला. त्यावर नवा नट बसवला तर तो मध्ये ढिला राहतो आणि टोकाला आवळतो.

स्पिंडलमध्ये (कटर फिरवणाऱ्या दांड्यात) टेस्ट मँड्रेल (तपासणीचा सरळ दांडा) लावा. नाकाजवळ 0.01 मिमी आणि 300 मिमी अंतरावर 0.02 मिमीच्या आत रनआउट (फिरताना डोलणं) असेल तर स्पिंडलला हात लावू नका. जास्त असेल तर आधी टेपर (स्पिंडलचं निमुळतं भोक) पुसून, मँड्रेल अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवून बघा. पुष्कळदा टेपरमध्ये अडकलेला चिपच दोषी निघतो. मग लाकडी दांडक्याने मँड्रेल वर उचला. डायल हलली तर बेअरिंग ढिलं आहे.

गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या कपड्यावर गाळा. पिवळी चमक दिसली तर कुठलं तरी गनमेटल झिजतंय. लोखंडी तुकडे दिसले तर झाकण उघडल्याशिवाय पुढचा विचारच नको. कॉलमला (उभ्या खांबाला), ‘नी’ला (कॉलमवर वर-खाली होणाऱ्या, टेबल पेलणाऱ्या भागाला) किंवा टेबलच्या टी-स्लॉटला तडा असेल तर आमच्या मते विषय तिथेच संपला.

रिकंडिशनिंग: पैसा कुठे जातो

कास्टिंग धड, स्पिंडल चांगला आणि झीज फक्त स्लाइडची असेल, तर जुनं मशीनच ठेवा. वर्षानुवर्षं मुरलेलं जड कास्टिंग आता वाकायचं तेवढं वाकून झालेलं असतं.

काम कॉलमपासून सुरू होतं, कारण बाकी सगळं त्याच्यावर जुळवायचं असतं. टेबल स्लाइडवे ग्राइंडिंगला जातं. सॅडल (टेबल आणि नी यांच्यामधला भाग) आणि ‘नी’ला टर्साइट (कमी घर्षणाची प्लास्टिक पट्टी) चिकटवून स्क्रॅपिंग (हाताने खरवडून सपाट करणं) करतात. निळा रंग लावून 25×25 मिमी चौकोनात दहा-बारा ठिपके येईपर्यंत.

घोटाळा होतो तो उंचीचा. ग्राइंडिंगमध्ये अर्धा मिलिमीटर निघाला की टेबल तेवढंच खाली बसतं, आणि टेबलच्या ब्रॅकेटमधला स्क्रू सॅडलमधल्या नटाच्या रेषेत राहत नाही. मग स्क्रू आवळतो, फीडचे गिअर आवाज करतात, आणि दोष नव्या नटावर येतो. म्हणून काढलेलं माप आधी लिहून ठेवायचं आणि टर्साइटची जाडी तेवढं भरून निघेल अशी निवडायची. तेलाच्या चरी टर्साइटच्या आतच राहिल्या पाहिजेत, आरपार गेल्या तर तेल खालच्या सांध्यात शिरून पट्टी सुटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, तेव्हा पट्टी चिकटवायचं इपॉक्सी दुपारी कालवलं तर पट्टी बसवायच्या आतच घट्ट होतं. हे काम पहाटे उरका आणि पट्टी दाबाखाली 24 तास राहू द्या.

वायरिंग, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले नवेच घाला आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर विसरू नका. फेज गेल्यावर मोटर जळणं ही एमआयडीसीबाहेरच्या शेडमध्ये नेहमीची गोष्ट आहे.

स्लाइड, स्क्रू-नट आणि स्पिंडल बेअरिंग अशी तिन्ही कामं निघाली आणि कोटेशन तशाच नव्या मशीनच्या निम्म्यावर गेलं, तर थांबा. त्यात मशीन बंद राहील ते दीड-दोन महिनेही धरा. तेवढ्या काळातलं जॉबवर्क बाहेर करून घ्यावं लागतं.

दुसरं घ्यायचं तर

सेकंड हँड हा सर्वांत फसवा मार्ग. ‘रिकंडिशन केलेलं’ म्हणजे बऱ्याचदा पुट्टी, रंग आणि आवळलेली जिब एवढंच असतं. आपल्या मशीनचे दोष निदान आपल्याला माहीत असतात. तरी घ्यायचंच असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या विकणाऱ्याच्या शेडमध्ये, वीज चालू असताना करा. वीज जोडायला जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका.

नवं साधं मशीन रिकंडिशनपेक्षा महाग पडतं. पण वॉरंटी मिळते, बँक कर्जाला सहज तयार होते, आणि नोंदणीकृत उद्योगाला जीएसटीचं क्रेडिटही घेता येतं.

व्हीएमसीची (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या उभ्या मशीनिंग सेंटरची) तुलना वेगळी. एकाच प्लेटला चाळीस भोकं आणि असे शंभर नग असतील तर जुन्या मशीनवर पैसा घालण्यात अर्थ नाही. त्यासाठी स्थिर वीज, कॉम्प्रेसरची कोरडी हवा आणि प्रोग्रॅम लिहिणारा माणूस मात्र हवा. लातूरच्या डाळमिलचा तुटलेला एखादा गिअर डिव्हायडिंग हेडवर (जॉब समान भागांत फिरवणाऱ्या साधनावर) कापायचा असेल, तर युनिव्हर्सल मिलिंगच बरं. दोन्ही कामं येत असतील तर जुनं फक्त स्लाइडपुरतं नीट करून ठेवा आणि मोठा पैसा व्हीएमसीकडे वळवा.

रिकंडिशन करणाऱ्याशी करारात अंतिम मापं लिहून घ्या: टेबलचा समांतरपणा 300 मिमीला 0.02, नी वर-खाली होताना काटकोन 300 मिमीला 0.025, बॅकलॅश 0.1 मिमीच्या आत. शेवटचा हप्ता ही मापं तुमच्याच शेडमध्ये, लेव्हल केलेल्या मशीनवर, तुमच्याच डायलने निघाल्यावर द्या.